नकाशाला ऊस दिसतो, पेरू दिसत नाही

पहिल्या हंगामातले सत्तावीस डबे मी माझ्याच हाताने उकिरड्यावर उपडे केले. नंतर कळलं की ज्याच्या शोधात मी राहात्याला जाऊन राहिले होते, ते त्या वाळूतच होतं.

पद्धत साधी होती. मामाच्या बागेत पेरूच्या झाडांखाली पडलेली फळं वेचायची, वजन करायची आणि झाकणाला मलमल बांधलेल्या प्लास्टिकच्या डब्यात चाळलेल्या वाळूवर ठेवायची. चार-पाच दिवसांत फळ बसतं, आंबूस वास सुटतो आणि आतल्या अळ्या बाहेर पडतात. फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी अंगाची कमान करून चक्क उडी मारते. रात्री खोलीत शांतता असली की डब्याच्या भिंतीवर टक् टक् ऐकू यायचं. मग त्या वाळूत शिरतात आणि गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी कोष बनतात. साधारण दहा दिवसांत कोष फुटून माश्या निघतात. मी माश्या मोजल्या, शेवटच्या रकान्यात ‘परोपजीवी : ०’ लिहिलं (परोपजीवी म्हणजे फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत वाढून तिला मारणारे कीटक; मी तेच शोधत होते) आणि डबे कमी असल्यामुळे वाळू टाकून देऊन ते पुढच्या फळांसाठी धुऊन घेतले. सत्तावीस वेळा शून्य.

दिवाळीच्या सुट्टीत मृग बहाराच्या सुरुवातीच्या फळांचा एक डबा टेबलाखाली तसाच राहिला. परत येऊन बघते तर मेलेल्या माश्यांच्या वर, मलमलीला आतून चिकटून, मुंगीएवढ्या तांबूस गांधीलमाश्या फिरत होत्या. माद्यांच्या पाठीमागे अंगाहून लांब, केसासारखी शेपटी. ती शेपटी म्हणजे अंडी घालायची सुई. या गांधीलमाश्या त्याच कोषांतून निघतात, फक्त माश्यांच्या नंतर, कधी आठवडाभर उशिरा. पुस्तकात हे वाक्य होतं. मी ते वाचलंही होतं. पण डबे कमी पडत असताना पुस्तकातलं वाक्य आठवत नाही.

सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “म्हणजे ‘नाही’ची नोंद तू तयार केलीस. आता या कामात पुढे जिथे जिथे ‘नाही’ दिसेल, तिथे आधी तुझा हात बघ.”

माझा पीएच.डी.चा विषय असा : पाऊस कमी पण पाणी आहे अशा पट्ट्यात फळमाशीचे परोपजीवी कुठे टिकतील याचा अंदाज बांधायचा, नकाशाच्या रूपात. राहाता हे त्याचं सरळ उदाहरण. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, पण गोदावरीचा उजवा पाट इंग्रजांच्या काळापासून वाहतोय आणि पेरूच्या बागा गावोगाव. इथला जुना पेरू म्हणजे सरदार, म्हणजेच लखनौ-४९. नावात लखनौ असलं तरी ही निवड १९२७ सालची पुण्याच्या गणेशखिंडीतली, हे मामा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.

माझ्या कामातली माशी एकच, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्यावरच्या गांधीलमाश्या मला मुख्यतः दोन हव्या होत्या. फोपियस अरिसानस झाडावरच्या फळात माशीने नुकत्याच घातलेल्या अंड्यात आपलं अंडं घालते. बिचारी माशीची अळी वाढते, कोष करते आणि कोषातून बाहेर येते ती फोपियस. दुसरी डायकॅस्मिमॉर्फा लाँगिकौडाटा. ही मोठ्या अळ्यांच्या मागे असते, पडलेल्या, आंबलेल्या फळावर पायांनी चाचपत फिरते, आत अळी कुठे हलतेय ते हेरते आणि साल भेदून सुई घालते. टेबलाखाली सापडल्या त्या या दुसऱ्या. खात्रीसाठी नमुने बेंगळुरूच्या तज्ज्ञांकडे पाठवले, कारण या कुळात रंगावर भरवसा ठेवून बरेच जण तोंडावर पडलेत. खुद्द फोपियस हवाईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस पोचली आणि पुढची काही वर्षं नक्की कोणती गांधीलमाशी काम करतेय याचाच घोळ चालू होता. आधी लाँगिकौडाटा पुढे होती, मग दुसरीच एक आली, शेवटी फोपियसने दोघींना मागे टाकलं.

हवाईचं नाव या विषयात सारखं येतं. १९१६ साली डेव्हिड फुलवे नावाचा कीटकशास्त्रज्ञ भारतातून काकडीवर्गाच्या फळमाशीची गांधीलमाशी, सिटालिया फ्लेचरी, बोटीने हवाईला घेऊन गेला होता. म्हणजे आपल्याकडची मित्रकीड शंभर वर्षांपूर्वी निर्यात झाली. आपल्याकडे ती कुठे कुठे आहे याचा धड नकाशा मात्र करायचा राहिला.

तर नकाशा. मी मॅक्सेंट हे सॉफ्टवेअर वापरलं. हे २००६ पासून सगळेच वापरतात. प्राणी जिथे सापडला ते बिंदू द्यायचे, त्या जागांचं हवामान द्यायचं, आणि ते तशाच इतर जागा रंगवून देतं. हवामान वर्ल्डक्लिम या जगभरच्या हवामान-नोंदींच्या संचातलं, १९७० ते २००० ची सरासरी, साधारण एक किलोमीटरचे चौकोन. बिंदू मी जगभरच्या नोंदींतून गोळा केले. बहुतेक हवाई, आग्नेय आशिया आणि अशाच ओल्या, हिरव्या जागांचे.

पहिला नकाशा आला. कोकण लालभडक, घाटमाथा लाल, आणि सह्याद्री उतरून पूर्वेला आलं की एकदम पांढरं. राहाता, सांगोला, सोलापूर, सगळं कोरं. सरांनी चहा पीत तो बघितला आणि म्हणाले, “तुझ्या मामाच्या माश्या नकाशाबाहेर राहतात वाटतं.”

मग मी राहात्याचे, सांगोल्याचे, पंढरपूरच्या बाजूचे आमचे स्वतःचे बिंदू घातले. आता डबे तीस-तीस दिवस ठेवत होते, त्यामुळे शून्यं खरी होती आणि सापडलेलंही खरं होतं. दुसरा नकाशा काढला आणि मी खुर्चीत मागे टेकले. माण रंगलं, जत रंगलं, मराठवाड्याचा दुष्काळी पट्टा रंगला. ठीक. पण रंग थांबेचना. गुजरात ओलांडून तो थेट जैसलमेरपर्यंत गेला.

झालं काय होतं ते कळायला मला आठ दिवस लागले, आणि मला वाटतं या कामातली सगळ्यात महत्त्वाची खोच हीच. मी त्या प्रोग्रामला सांगितलं होतं की पाचशे मिलिमीटर पावसात, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात, ही गांधीलमाशी जगते. त्याने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की हिला पावसाची गरजच नाही. पाट त्याला दिसत नव्हता. ठिबकची नळी दिसत नव्हती. जे पाणी मामा पाटकऱ्याशी भांडून आणतो, ते सगळं प्रोग्रामने गांधीलमाशीच्या अंगच्या काटकपणाच्या खात्यावर जमा केलं.

ओलित दाखवायचं कसं? तिसरा प्रयत्न क्लायमेक्सचा. ही पद्धत ऑस्ट्रेलियातली, १९८५ची. हिच्यात बिंदूंपेक्षा किडीच्या शरीरधर्मावर भर असतो : किती तापमानाला वाढ सुरू होते, कधी थांबते, मातीत किती ओल लागते, उष्णतेचा आणि कोरडेपणाचा ताण किती. शेवटी प्रत्येक जागेला शून्य ते शंभर गुण. आणि हिच्यात ओलिताची सोय आहे. पाऊस कमी पडला तर रोज ठरावीक पाण्यापर्यंत तूट भरून काढ, असं सांगता येतं. बरेच जण दिवसाला अडीच मिलिमीटर धरतात. मीही धरले. मग जगाच्या ओलिताखालच्या क्षेत्राचा नकाशा घ्यायचा, जिथे ओलित आहे तिथे ओलिताचे गुण आणि बाकी ठिकाणी पावसाचे. त्या नकाशाचा एक चौकोन आपल्याकडे जवळपास नऊ किलोमीटरचा.

जैसलमेर बऱ्यापैकी विझलं. मी खूश होऊन मामाला फोनवर सांगितलं की आता रोज अडीच मिलिमीटर पाणी धरलंय.

“रोज?” मामा म्हणाला. “अगं, आमच्या चारीला सांग की हे. उन्हाळ्यात दोन आवर्तनं मिळाली तरी नारळ फोडतो आम्ही. आणि टेलवाल्यांना तर पाटाला पाणी आलंय हे पेपरात वाचून कळतं.”

तेव्हा त्याचं ऐकून मी हसले. पण उन्हाळ्यात त्याच्याच बागेत जमिनीचं तापमान मोजायला बसले तेव्हा ते बोलणं पुन्हा आठवलं. कोटाच्या बटणाएवढे तापमापक मी तीन-चार सेंटिमीटर खोल पुरले होते, कारण माशीचे कोष साधारण तेवढ्यावर असतात. काही झाडाच्या सावलीत ठिबकच्या तोटीशी, काही दोन ओळींच्या मधल्या उघड्या जमिनीत. दोन तापमापक रोटाव्हेटरने गिळले, त्यातल्या एकाचे तुकडे अजून माझ्याकडे आहेत. उरलेल्यांनी सांगितलं ते असं : मे महिन्याच्या दुपारी उघड्या जमिनीतला आकडा पन्नाशीकडे धावतो, आणि त्याच क्षणी चार फुटांवर, तोटीखालच्या ओल्या वर्तुळात, तिशीच्या जरा वर. कोषाच्या दृष्टीने ही दोन वेगळी राज्यं. एकात तो भाजून निघतो, दुसऱ्यात माशी किंवा गांधीलमाशी निवांत वाढते. आणि वर्ल्डक्लिम त्या सगळ्या किलोमीटरला एकच आकडा देतं, तोही सावलीत मोजलेल्या हवेचा.

पाटाच्या पाण्यावरच्या बागेत आणि ठिबकच्या बागेतही फरक होता. पाटाच्या पाण्याने वाफा भरला की पहिले दिवस सगळं चिंब, मग पुढच्या पाळीपर्यंत जमीन भेगाळते. ठिबकवर ओल थोडी, पण रोजची. मला ठिबकच्या बागांत गांधीलमाश्या जास्त नियमित सापडल्या. याचं कारण फक्त ओल असेल असं मी म्हणणार नाही. ठिबकवाले फवारणीही वेगळ्या तऱ्हेने करतात.

ओलिताचा नऊ किलोमीटरचा चौकोन फार भरड होता, म्हणून मी उपग्रहाकडे वळले. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात, दहा मीटरपर्यंत बारीक. विचार असा की एप्रिलमध्ये जे हिरवं ते ओलिताखालचं. चित्र उघडलं तर राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव सगळं गच्च हिरवं. मी त्या हिरव्यावर नकाशा बेतला, सुंदर दिसत होता, आणि छापून मामाला दाखवायला नेला. त्याने चष्मा लावला, बोट ठेवलं.

“हे काय?”

“इथे गांधीलमाशीला सगळ्यात चांगलं.”

“हा ऊस आहे. इथपासून पार त्या ओढ्यापर्यंत ऊस. उसाला कधी फळमाशी लागते का?”

मामी चुलीपाशी बसून हसत होती ते मला अजून दिसतं. चार महिन्यांचं काम होतं ते.

खरं सांगायचं तर चूक उपग्रहाची नव्हती. पाण्यापासून गांधीलमाशीपर्यंत मधे दोन पायऱ्या होत्या, फळ आणि माशी, आणि मी दोन्ही गाळून टाकल्या होत्या. पाणी आहे म्हणून फळ आहे असं नाही. फळ आहे म्हणून ते बारा महिने आहे असंही नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही, कारण आपण बहार धरतो. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडून फुलं आणायची. मृग बहाराची फळं हिवाळ्यात, हस्त बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आंबे बहाराची पावसाळ्यात. माशीचा खरा कहर पावसाळ्यातल्या फळांवर. एका गावातल्या सगळ्यांनी एकच बहार धरला तर उरलेले सात-आठ महिने बागेत फळ नाही, माशी नाही आणि गांधीलमाशीला अंडं घालायला जागा नाही. हवामान कितीही अनुकूल असो.

मग त्या टिकतात कुठे? बांधावर. घरामागच्या चिकूवर, विहिरीजवळच्या रायवळ आंब्यावर, गोठ्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या त्या एका पेरूवर जो कुणी लावलेला नाही आणि कुणी फवारतही नाही. मे-जूनमध्ये आंबा, मग पावसाळ्यात पेरू, अधूनमधून चिकू. असा पूल असलेल्या गावांत माझे डबे रिकामे गेले नाहीत. बोरांच्या बागांकडून मी आधी फार आशा धरली होती, पण बोराची फळमाशी वेगळी, कार्पोमिया, आणि तिच्यावरची गांधीलमाशीही वेगळी.

फळबागांची माहिती मिळवायला मी ई-पीक पाहणीचा आधार घेतला. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवर आपलं पीक स्वतः सातबाऱ्यावर नोंदवतात. त्यात बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. सोय आहे, नोंदवतं कोण? एका गावात कृषी सहायकांनी वहीत हाताने लिहिलेली यादी दिली तिच्यात बांधावरचे आंबे होते, चिंचा होत्या, पेरू एकही नाही. गावात फिरून मी चाळीसच्या वर मोजले. शेवटी मी प्रत्येक गावासाठी तीन गोष्टी हाताने भरल्या : पेरूचं क्षेत्र, कोणता बहार किती जण धरतात, आणि दहा घरांमागे परसात फळझाडं असलेली किती. तिसऱ्यासाठी चप्पल झिजवावी लागली. तिन्हीत सगळ्यात जास्त फरक याच आकड्याने पडला.

मॉडेल तपासण्याचाही एक धडा मिळाला, तो थोडक्यात सांगते. बिंदूंचे दोन गट करायचे, एकावर शिकवायचं, दुसऱ्यावर परीक्षा घ्यायची. मी चिठ्ठ्या काढल्यासारखे गट केले आणि गुण झकास आले. पण एकाच गावातले शेजारशेजारचे बांध दोन्ही गटांत पडले होते, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. अख्खे तालुके बाजूला काढून परीक्षा घेतली तेव्हा गुण धाडकन उतरले, आणि परसातल्या झाडांचा आकडा घातल्यावर पुन्हा थोडे वर आले. त्या ‘थोडे’वर माझा विश्वास आहे. आधीच्या झकास गुणांवर नाही.

अर्जेंटिनातल्या सान हुआनचं काम मी या काळात खूप वाचलं. तिथे वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरही नाही, अँडीजच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी खोऱ्यात येतं, आणि लाँगिकौडाटा कारखान्यात वाढवून बागांत सोडतात, तिथल्या भूमध्यसागरी फळमाशीवर. आपल्याकडे सोडायची वेळ आली तर कुठल्या गावापासून सुरुवात करायची, हा प्रश्न माझ्या नकाशाचा. पण आपला सल्ला काय असतो? पडलेली फळं गोळा करून खोल खड्ड्यात पुरा. माशीसाठी योग्यच. पण त्यात गांधीलमाश्याही पुरल्या जातात. हवाईत यावर तंबूची युक्ती काढली : फळं तंबूत टाकायची, वर अशी जाळी की माशी अडेल आणि गांधीलमाशी निसटेल. मी मामाकडे जुन्या ड्रमावर जाळी बसवून तसं केलंय. छिद्राचं माप दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. मामा त्याला ‘माहेरघर’ म्हणतो.

शेवटचा नकाशा हातात घेऊन मी दोन जागा तपासायला गेले. पहिली सांगोल्यातली एक बाग, नकाशात ठळक रंगाची. शेततळं, ठिबक, मोठ्या फळांचा पेरू, आजूबाजूला परसबागा. गेले तर प्रत्येक फळाला फोमची जाळी आणि वर प्लास्टिकची पिशवी. हजारो फळं, एकावरही माशीचा डंख नाही. “ताई, किडकं फळ आमच्याकडे नाही मिळायचं,” बागवाले दादा म्हणाले, जरा अभिमानाने. बरोबरच होतं त्यांचं. पिशवीचा रकाना माझ्याकडे नव्हता.

दुसरी जागा माण तालुक्यातलं एक गाव, नकाशात पांढरंफटक. पाट नाही, बागा नाहीत, उन्हाळ्यात टँकर. ‘नाही’ची एक स्वच्छ नोंद घ्यावी म्हणूनच गेले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात एक पेरूचं झाड होतं, फळांनी वाकलेलं. पोषण आहारानंतर शंभरेक पोरं जिथे हात आणि ताटं धुतात, ते सगळं पाणी त्याच्या आळ्यात जात होतं. पोरांनी मला पडकी फळं वेचून दिली, एकाने तर वरून हलवून पाडलीही. बाईंनी विचारलं, “किडके कशाला नेताय?”

डबा मी तीस दिवस ठेवला. माश्या निघाल्या, थांबल्या. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मलमलीवर चार तांबूस गांधीलमाश्या होत्या, दोन लांब शेपटीच्या.

नोंद भरायला बसले. गाव, तारीख, फळाचं वजन, माश्या, परोपजीवी : ४. पुढचा रकाना ओलिताच्या प्रकाराचा. त्यात कालवा, विहीर, ठिबक, शेततळं असे चार पर्याय मी स्वतःच ठरवले होते. पाचवा घातला : हात धुण्याचं पाणी.